खाली बेस चालू ठेव

महिन्यातला एक रविवार मी कुणालाच देत नाही. त्या दिवशी पाहुणे येतो म्हणाले, कुणाचा साखरपुडा निघाला किंवा गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा राहिला, तरी माझ्या कपाळाला आठी पडते. त्या दिवशी मला माझा तास जुळवायचा असतो. दूरच्या शहरातल्या चार-पाच हौशी पोरांनी इंटरनेटवर एक रेडिओ चालवायला घेतलाय आणि त्यावर महिन्यातून एकदा एक तास माझा असतो. त्या तासात मी रेगे वाजवते, आणि त्याहून जास्त डब.

मी नांदेडला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये या कार्यक्रमाबद्दल एकदाच सांगून पाहिलं. "म्हणजे मॅडम, डीजे?" एका सरांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे वरातीतला ट्रॅक्टर आला असावा, कारण लगेच म्हणाले, "झेपतं का हो या वयात?" तेव्हापासून कॉलेजात मी या विषयावर तोंड उघडत नाही. माझं वय पन्नाशीकडे झुकलंय. लग्न केलं होतं, ते टिकलं नाही, आणि त्यात इथे सांगण्यासारखं काही नाही.

रेगे म्हणजे जमैका नावाच्या बेटावरचं गाणं. संथ, डुलत चालणारं, घाई नसलेल्या माणसाचं. आणि डब म्हणजे त्याच गाण्यातून गाणाऱ्याला उठवून बाहेर पाठवायचं. मागे उरतात ड्रम आणि बेस, म्हणजे तळाचा जाडा, घुमणारा आवाज. गाणारा मधूनच दारातून डोकावतो, अर्धा शब्द टाकतो, तो अर्धा शब्द घुमत घुमत लांब जातो, आणि तोवर गाणारा पुन्हा पसार. मला हे पहिल्यांदा ऐकवलं ते केनियाहून शिकायला आलेल्या एका वर्गमित्रानं. आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्याची भाड्याची खोली होती. घरमालकीण त्याला बिनतिखटाची भाजी देता देता वैतागली होती, आणि तो तिच्या माळवदावर बसून टेपवर हे लावायचा. मला वाटलं, टेप बिघडलाय. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन दुरुस्त करायला निघाले होते. तो इतका हसला की मी रागावून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट मागायला परत आले.

तास जुळवणं म्हणजे गाणी एकामागे एक लावणं नव्हे. पहिलं गाणं असं हवं की ऐकणाऱ्याला आपण बसलोय कशावर हे जाणवलं पाहिजे. दोन जड गाणी शेजारी लावली तर दोन्ही मरतात. एक संपताना दुसरं त्याच्या चालीत चाल मिसळून आत यायला हवं, पाहुण्यांच्या घोळक्यातून घरचं माणूस गुपचूप स्वयंपाकघरात शिरतं तसं. मी महिनाभर ऐकत असते, मनात जोड्या लावत असते, आणि रविवारी सकाळी दोन मोठे स्पीकर बॉक्स लावून बसते. ऐकणारे फार नसतात. देगलूरचा एक स्पेअर पार्टवाला आहे, तो दुकानात लावतो आणि मला अंगठा पाठवतो. बाकीचे कुठले कुठले.

अशी माझी छान एकटीची सोय लागलेली असताना बाबा माझ्याकडे राहायला आले.

बाबांचा मुखेडला लाउडस्पीकरचा धंदा होता. भोंगे, अँप्लिफायर, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी आणि एक जीप. लग्न, जयंती, सप्ताह, निवडणूक, काहीही असो, भोंगा बाबांचा. दुकानात स्पीकर एका माठाच्या तोंडावर उपडा बसवलेला असायचा, कारण त्यानं आवाजाला पोट येतं असं ते म्हणत. पण सामान भाड्यानं देणं हा त्यांच्या लेखी दुय्यम भाग. त्यांचं खरं काम बोलणं. आठवडी बाजारात हरवलेलं पोर, सापडलेली पिशवी, सुटून आलेली म्हैस, सगळ्यांचा पुकारा तेच करत. लग्नात माईक दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नसत. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत, एकदा उजवीकडच्यांना, एकदा डावीकडच्यांना.

आयुष्यभर भोंग्याच्या खाली उभं राहिल्यावर कानांचं जे व्हायचं तेच झालं. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग बायकांचे आवाज. आई गेली तेव्हा तिचं बोलणं त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. ती हातवारे करायची आणि ते भांडायचे. आई गेल्यावर मी त्यांना नांदेडला आणलं. कानाचं मशीन घेतलं. ते त्यांनी एक दिवस घातलं आणि काढून डबीत ठेवलं. "शिट्टी मारून राहिलं. फीडबॅक हाय ह्येच्यात," म्हणाले. वर कंपनीला नावं ठेवली.

माणसाला ऐकू येत नाही म्हणजे आजूबाजूच्यांचं काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. लोक आधी मोठ्यानं बोलतात, मग लांबूनच ओरडतात, मग "काही नाही, काही नाही" म्हणून हात झटकतात, आणि मग बोलणंच सोडतात. बाबांना विचारायच्या गोष्टी मला विचारू लागले. "बाबा चहा घेतात का?" बाबा समोर बसलेले. मला संताप यायचा, पण घाईच्या वेळी मीही तेच करत होते. बाबांनी बोलणं कमी केलं. ज्या माणसाच्या आवाजावर मुखेडचा बाजार थांबायचा, तो माणूस दिवसदिवस खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघत राहिला. मला ते बघवत नव्हतं.

आणि त्या महिन्यातला माझा रविवार आला. मी बॉक्स लावले. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला बाबा आतल्या खोलीतून उठून आले, पायात चप्पल नाही, चेहरा जरा सावध. फरशीवर उभे राहिले. मग खुर्ची ओढून बॉक्सच्या शेजारी बसले आणि त्यावर तळवा ठेवला.

"लागून राहिलंय," ते म्हणाले. म्हणजे, पोचतंय.

बाबांचे वरचे आवाज गेले होते, खालचे शाबूत होते. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बाईला हे आधी सुचायला काय हरकत होती, हे मी स्वतःला विचारून घेतलं.

"ह्येच्यात माणूस न्हाई का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

मी जवळ जाऊन सांगितलं, "हाय. मधीच येतो, जातो."

"मंग बरं हाय. मला वाटलं मलाच ऐकू येईना." थोडं थांबून म्हणाले, "अन् आला की काय म्हणतो त्यो?"

"मला न्हाई कळत बाबा. त्यांची बोली लई येगळी हाय."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बऱ्याच दिवसांत कुणी त्यांना इतकी चांगली बातमी दिली नव्हती. "मंजी तू अन् मी सारखेच," ते म्हणाले आणि आरामात मागे टेकले.

तेव्हापासून तो रविवार आम्हा दोघांचा झाला. मी कपाळाला आठी घालून पाहिली, पण ती टिकेना. बाबा सकाळी लवकर अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बॉक्सपाशी बसत, कार्यक्रमाला आल्यासारखे. "ह्ये जड हाय, आधी लावू नको." "ह्येचा बेस पातळ हाय, काढ." बरोबर असतंच असं नाही, एकदा त्यांनी माझं सगळ्यात लाडकं गाणं "आजारी" म्हणून काढायला लावलं आणि मी दिवसभर फुगून बसले. पण महिन्याचा तास आता आमच्या दोघांच्या भांडणातून जुळत होता आणि खरं सांगते, तो सुधारला.

पुढे एका रविवारी गंमत झाली. गाणं चालू होतं, गाणारा बाहेर गेलेला, ड्रम आणि बेस तेवढे चाललेले. बाबा डोळे मिटून बसले होते. अचानक त्यांनी घसा साफ केला आणि त्या मोकळ्या जागेत सुरू झाले, "हॅलो, हॅलो. मुखेडच्या बाजारकरी मंडळींना कळविण्यात येते की..." अगदी चालीत. एका सहा-सात वर्षांच्या पोराचा पुकारा त्यांनी केला, अंगात निळा सदरा, पायात काही नाही, नाव सांगत नाही, रडतं मात्र जोरात. चाळीसएक वर्षांपूर्वीचं पोर असावं ते. मी पटकन माईक पुढे सरकवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

मग सवयीनं, डबमध्ये करतात तसा, मी बेस काढून घेतला. बाबा शब्दाच्या मधोमध थांबले. "स्टेज" म्हणायचं होतं, "स्टे" वर थांबले. एक हात वर, तोंड उघडं. मी बेस परत आणला. "जजवळ यावे," बाबा पुढे म्हणाले. मी पुन्हा काढला, ते पुन्हा थांबले. मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं.

"कामून थांबता?" मी विचारलं.

"लाईन गेल्यावर बोलायचं न्हाई," ते म्हणाले. हे मला माहीत असायला हवं होतं. मुखेडला वीज म्हणजे लाईन, आणि ती कुठल्याही शब्दावर जायची. भोंगा चालू असताना त्यातून बारीक घरघर येत असते. ती बंद पडली की माईकवाल्यानं तिथल्या तिथे गप्प व्हायचं. नुसत्या गळ्यानं ओरडत राहिलं तर मागच्यांना अर्धं ऐकू येतं आणि पुढचे हसतात. लाईन आली की जिथे तुटलं तिथूनच धरायचं. बाबांना आता ती घरघर ऐकू येत नव्हती, पण बेस कळत होता. बेस चालू म्हणजे लाईन चालू, आणि बेस गेला की तोंड बंद.

तो पुकारा मी त्या महिन्याच्या तासात लावला. जमैकातही अशीच रीत आहे, गाण्यातून गाणारा काढून टाकायचा आणि मोकळ्या जागेत दुसऱ्या कुणी माईकवर बोलायचं. रेडिओवाल्या पोरांचा फोन आला. "ताई, काका भारीच आहेत. एकदम कच्चा माल! दर महिन्याला ठेवा." माझे वडील म्हणजे काय कापूस आहेत का, असं विचारून मी फोन ठेवला. आणि दर महिन्याला ठेवले.

बाबांना मी सांगितलं की लांबलांबच्या लोकांनी तुम्हाला ऐकलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "अन् आपल्यापैकी? मुखेडच्या कुणी? लातूरच्या?"

मी देगलूरच्या स्पेअर पार्टवाल्याचं नाव पुढे केलं. बाबांना ते पुरलं नाही हे दिसत होतं. मी विषय बदलला.

लातूरला माझा धाकटा भाऊ असतो. तिथल्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, मे महिन्यात, लातूरलाच, मोठ्या मंगल कार्यालयात. ती बातमी बाबांना कळली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माईक कुणाचा हाय?" आणि दुसरं वाक्य बोलले, "नातीच्या लग्नात मीच बोलणार."

मी भावाला फोन केला.

"आक्का, आपण अँकर लावलाय. इव्हेंटवाल्यांच्या पॅकेजमधे हाय."

"मंग त्याला चहा पाज अन् बसव."

"तू शिरूर अनंतपाळला नव्हतीस," तो म्हणाला.

नव्हते. पण ऐकून होते. मागच्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळला एका नात्यातल्या लग्नात बाबांना मानानं माईक दिला होता. भंतेजी पंचशील देत होते, सगळी मंडळी हात जोडून त्यांच्यामागे म्हणत होती, आणि बाबांना वाटलं की विधी आटोपला. त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "पंगत बसली आहे, मंडळींनी जेवायला चलावं." अर्धा मांडव उठला. भंतेजी थांबले. मग जो हशा झाला त्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो सगळ्या पाहुण्यांत फिरला. बाबा मात्र खूश होऊन घरी आले होते. सगळे लगेच उठले, म्हणाले, अजून आवाजात जरब आहे.

"लोक हसले ते त्यांना ऐकू आलं न्हाई," भाऊ म्हणाला, "मला आलं."

मी त्याला बरंच ऐकवायचं ठरवून फोन केला होता. त्यातलं काहीच न ऐकवता मी फोन ठेवला. भाऊ बाबांची लाज बाळगत नव्हता; त्याला बाबांवर कुणी हसलेलं सहन होत नव्हतं, आणि लग्नाला त्याच्या क्लासमधल्या निम्म्या पोरांचे आईबाप मोबाइल घेऊन येणार होते.

बाबांना मी सांगितलं की तिथे अँकर ठरलाय. ते "बरं" म्हणाले. पुढच्या रविवारी मी बॉक्स लावले आणि ते आलेच नाहीत. मी आवाज वाढवला, फरशी थरथरायला लागली, वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या. बाबा खिडकीपाशी बसून रिक्षा बघत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "तुझं तू कर माय. मला काय कळतंय त्येच्यातलं." त्या महिन्याचा तास मी एकटीनं जुळवला. तो अगदी टुकार झाला. देगलूरवाल्यानंसुद्धा अंगठा पाठवला नाही.

तेव्हा भाचीनंच फोन केला. लग्न तिचं, त्यामुळे तिचा आवाज घरात सगळ्यात वरचा. "आत्या, आबाच बोलणार. पप्पांना मी बघते. पण परत तसं व्हायला नको, ते तू बघ."

मी दोन दिवस विचार केला आणि मग स्वतःच्या मूर्खपणावर हसले. उपाय तर मी दर महिन्याला वाजवत होते. भंतेजींच्या वेळी बेस बंद, बाबा गप्प. बोलायची वेळ आली की बेस चालू, बाबा सुरू. स्टेज लोखंडी सांगाड्यावर प्लायवूडचं असतं. त्याच्या खाली एक बॉक्स ठेवायचा, आवाज इतका बारीक की मांडवात कुणाला कळणार नाही, पण बाबांच्या तळपायांना कळेल.

बाबांना हे सांगितलं तर त्यांनी आधी तोंड वाकडं केलं. मग विचारलं, "बॉक्स केवढा?" मग आम्ही त्या महिन्याचा अख्खा तास त्यासाठीच केला. एका लाकडी बाकाखाली बॉक्स, बाकावर बाबा अनवाणी उभे, समोर मी बटणं घेऊन. ते नातीच्या लग्नाचा पुकारा करत होते आणि मी बेस काढत होते, आणत होते. एकदाही चुकले नाहीत. फक्त एकदा मला फोन आला आणि बेस बंदच राहिला, तर ते बिचारे हात वर करून उभे. "खाली बेस चालू ठेव गं," शेवटी वैतागून म्हणाले, "मी काय खुंटी हाय का?" तेही मी तासात तसंच ठेवलं.

तो तास घेऊन मी लातूरला गेले आणि भावाच्या बैठकीत लावला. भावानं तो कपाळाला हात लावून ऐकला. भाची जमिनीवर मांडी घालून बसली होती, खुंटीच्या वाक्याला खो खो हसली, आणि म्हणाली, परत लाव. भाऊ शेवटी म्हणाला, "आक्का, बटनापाशी तू बसणार. दुसरं कुणी न्हाई." मी शब्द दिला.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या साउंडवाल्याला मी सगळं समजावलं. भला माणूस होता, त्यानं स्टेजखाली बॉक्स सरकवून दिला आणि मला मिक्सरजवळ खुर्ची दिली. बाबा पांढऱ्या शर्टात, स्टेजच्या कोपऱ्यात, चप्पल काढून. इव्हेंटवाल्यांचा अँकर चकचकीत कोट घालून बाजूला, जरा नाराज. पाहुणे आले तेव्हा बाबांनी स्वागत केलं, जळकोटची मंडळी, उदगीरची मंडळी, प्रत्येकाला दोनदा. भंतेजी उठले, मी बेस काढला. बाबा हात जोडून उभे राहिले ते थेट गाथा संपून फुलं पडेपर्यंत. मी भावाकडे पाहिलं. तो मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसत होता, घाम पुसतोय असं दाखवत. मीही रडले, त्यात लपवायचं काय.

मी बेस पुन्हा चालू केला. आता जेवणाचा पुकारा तेवढा राहिला होता. आणि तेवढ्यात वहिनी येऊन माझा हात धरून ओढायला लागली, घरच्यांचा फोटो आहे, आत्या पाहिजेच. एका मिनिटाचं काम म्हणून मी उठले. स्टेजवर नवरीच्या सोफ्यामागे जाऊन उभी राहिले. फोटोवाला आम्हाला डावीकडे सरका, उजवीकडे सरका करत होता. पुढे बाबा बोलत होते, "सर्व मंडळींना नम्र विनंती आहे की जेवल्याशिवाय कुणीही..."

आणि थांबले.

नंतर कळलं, नवऱ्याकडच्या कुणा वडीलधाऱ्यांनी साउंडवाल्याला सांगितलं की खुर्च्यांखाली काहीतरी घुमतंय, छातीत धडधडतं, बंद कर. मी तिथे नव्हते. त्यानं बंद केलं.

बाबा हात वर करून उभे होते. मांडवात दोन-चारशे माणसं आणि त्यांच्यापुढे अर्धं वाक्य. पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. मग माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, विसरले वाटतं. मागून एक हसू फुटलं. दोन मोबाइल वर झाले. माझ्यापुढे सोफा, सोफ्यापुढे गर्दी, आणि मिक्सर मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी ओरडले असते तर बाबांना ऐकूच आलं नसतं. अँकर तोंडभर हसत पुढे आला आणि त्यानं बाबांच्या हातातल्या माईककडे हात नेला. खाली भाऊ खांब सोडून धावत निघाला होता.

तेव्हा स्टेज हादरलं. धप्. धप्. धप्.

नवरी सोफ्यावर ताठ बसून पाय आपटत होती. कपाळावर मुंडावळ्या, हातात हार, नजर समोर फोटोवाल्याकडे, आणि पांढऱ्या साडीखालून टाच प्लायवूडवर पडतेय, संथ, बरोबर आमच्या त्या तासाच्या चालीत. नवरदेव घाबरून तिच्या पायाकडे बघत होता. तिला मुंगी चावली असं त्याला वाटलं असावं.

बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती सरळ झाली. अँकरचा हात त्यांनी पाहिलाच नाही. "...जाऊ नये," बाबा म्हणाले, आणि मग डावीकडे वळून पुन्हा पहिल्यापासून, "सर्व मंडळींना नम्र विनंती आहे की जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये." वर केलेले मोबाइल खाली गेले. लोक पंगतीकडे निघाले. भाऊ मध्येच थांबला, तिथेच एका रिकाम्या खुर्चीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

जेवताना बाबा माझ्या शेजारी होते. बुंदी मजेत खात होते.

"मधी लाईन गेल्ती," ते म्हणाले.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "गेल्ती. मी तिथं नव्हते."

"मंग आणली कुणी?"

"कुणी न्हाई. बॉक्स बंदच होता. नवरीनं पाय आपटला."

त्यांना नीट कळलं नाही. मी बोटानं स्टेज दाखवलं, पुन्हा सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"तिला कसं कळलं, मी थांबलो म्हणून?"

"ऐकून राहिली होती की तुमचं."

बाबा स्टेजकडे बघत राहिले. तिथे नवरा-नवरीला लोक आहेर देत होते, फोटो निघत होते. "सोताचं लगीन चालू असताना?" ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं की पंगतीतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. "माझं ऐकत होती?"

एरवी अशा वेळी मी तळहात खाली दाबून त्यांना हळू बोलायची खूण करते. त्या दिवशी मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांना ते दुसऱ्यांदा बोलू दिलं, डावीकडच्यांसाठी.